हद्दीवरची दलदल

चूल पेटवायला काय लागतं? कुणी म्हणेल लाकूडफाटा. कुणी म्हणेल तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, नाहीतर शेणाच्या गोवऱ्या. ज्यांच्या घरी गॅस आला ते गॅस म्हणतील. पण चुलीत माती घाला असं कुणी सांगणार नाही. माती कधी जळते का?

जळते! युरोपच्या पश्चिम टोकाला समुद्रात आयर्लंड नावाचं बेट आहे. तिथल्या खेड्यांतले लोक शेकडो वर्षं एक प्रकारची काळी माती खणून, वाळवून चुलीत घालत आले. तिच्यावर त्यांची भाकर भाजली, तिच्यावर त्यांनी थंडी काढली. आज त्याच लोकांना सांगणं आलं आहे, की ही माती जपा, आता खणू नका. असं का? गरिबाच्या चुलीतलं जळण कशासाठी जपायचं? या धड्यात आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत.

ही माती झाली कशी?

या मातीला पीट म्हणतात. खरं म्हणजे ती माती नव्हेच. ते हजारो वर्षांचं न कुजलेलं गवत आणि शेवाळ आहे.

आपण शेणखताचा खड्डा करतो. त्यात पालापाचोळा टाकतो. वर्षभरात त्याचं खत होतं. कारण खड्ड्यात ऊब असते, हवा असते, आणि कुजवणारे बारीक जीव असतात. आयर्लंडात ऊन कमी, थंडी फार, आणि पाऊस बाराही महिने भुरभुरतो. सखल जागी आणि डोंगरांच्या सपाट माथ्यांवर पाणी साचून राहतं. त्या पाण्यात एक जातीचं शेवाळ वाढतं. त्याचं नाव स्फॅग्नम. खालचं शेवाळ मरतं, त्याच्यावर नवं वाढतं. मेलेलं शेवाळ पाण्याखाली दबतं. तिथं हवा पोचत नाही. शिवाय हे शेवाळ आसपासचं पाणी आंबट करतं. म्हणून ते कुजत नाही, नुसतं साचत जातं.

आपल्या घरचं लोणचं आठवा. कैरीच्या फोडी आंबट, आणि वर तेलाचा थर. हवा लागत नाही म्हणून लोणचं वर्षभर टिकतं. ही दलदलसुद्धा निसर्गानं घातलेली लोणच्याची बरणीच आहे. ही बरणी किती टिकवते पाहा. आयर्लंडात दलदलीत पुरलेले लोण्याचे गोळे हजारो वर्षांनी सापडले आहेत. २०११ साली लीश परगण्यातल्या एका दलदलीत माणसाचा देह मिळाला. तो माणूस सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मेला होता, तरी त्याची कातडी शाबूत होती.

पण पीट साचतं फार सावकाश. वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीएवढं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली. तेव्हापासून आजवर साचलेलं पीट मोजलं, तर ते जेमतेम दीड वीत भरेल! फावड्याचा एक घाव घातला की तेवढं निघून येतं. साडेतीनशे वर्षांची कमाई एका घावात. हा हिशोब ध्यानात ठेवा. पुढं तो कामी येईल.

एक डोंगर, दोन सरकारं

आयर्लंड हे बेट एक, पण त्यावर राज्यं दोन. १९२१ साली बेटाची फाळणी झाली. उत्तरेचा भाग ब्रिटनकडे राहिला. दक्षिणेचा भाग पुढं स्वतंत्र आयर्लंड झाला. मधून सुमारे पाचशे किलोमीटर लांबीची हद्द गेली. ती शेतांतून गेली, ओढ्यांतून गेली, डोंगरांच्या माथ्यांवरून गेली. १९६८ च्या सुमारास उत्तर भागात मोठा रक्तपात सुरू झाला. तीस वर्षं हद्दीवर लष्कराच्या चौक्या होत्या. १९९८ साली समझोता झाला, आणि हळूहळू चौक्या उठल्या.

या हद्दीवर कल्का नावाचा डोंगर आहे. उंची सहाशे पासष्ट मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून कमी. त्याच्या माथ्यावरून हद्द जाते. उत्तरेच्या उतारावर फर्मॅना परगणा, दक्षिणेच्या उतारावर कॅव्हन परगणा. डोंगराच्या अंगावर पीटची जाड गोधडी पांघरलेली आहे. दक्षिणेच्या पायथ्याशी शॅनन पॉट नावाचा डोह आहे. बेटावरची सगळ्यात लांब नदी शॅनन तिथं उगम पावते.

आता हद्द कागदावर आहे, सरकारदरबारी आहे. पण पाण्याला हद्द कळत नाही. पाखरांना तर मुळीच नाही.

दलदलीतले रहिवासी

परक्या माणसाला दलदल ओसाड वाटते. झाड नाही, पीक नाही. नुसतं तपकिरी रान, आणि पाय टाकला की चिखल. पण जरा वाकून पाहिलं तर गाव वसलेलं दिसतं.

एक गवत आहे. उन्हाळ्याच्या तोंडी त्याला पांढरे बोंडासारखे झुबके येतात. वाऱ्यावर सगळं रान कपाशीच्या वावरासारखं डुलतं. एक मोठं तपकिरी फुलपाखरू याच गवतावर अंडी घालतं. त्याच्या अळ्या दुसरं फारसं काही खात नाहीत. गवत गेलं की फुलपाखरू गेलं.

एक चिमुकलं झाड आहे, त्याची पानं तांबूस. पानांवर केस, केसांच्या टोकाला चिकट थेंब. किडा बसला की चिकटतो, पान हळूहळू मिटतं आणि किड्याला पचवतं. दलदलीत खत-माती नाही, म्हणून हे झाड मांसावर जगतं! आम्ही थाप मारतोय असं वाटलं, तर पावसाळ्यात साताऱ्याजवळ कासच्या पठारावर जा. याच कुळातली झाडं तिथं उगवतात. आपण त्यांना दवबिंदू म्हणतो.

या बेटावर रानटी साप नाहीत. सरपटणारा अस्सल गावठी प्राणी एकच, तो म्हणजे लहानसा सरडा. तो अंडी घालत नाही, पिलांनाच जन्म देतो. बेडूक आहेत, ससे आहेत. भोवत्या पक्ष्याच्या जातीचा एक शिकारी पक्षी आहे. तो जमिनीवर, झुडपांच्या आडोशाला घरटं करतो. मॉनाहन, फर्मॅना आणि टिरोन या तीन परगण्यांच्या हद्दीवर एक डोंगराळ रान आहे. तिथं या पक्ष्यासाठी दोन्ही सरकारांनी आपापल्या बाजूची जागा राखून ठेवली आहे.

आणि कर्ल्यू! त्याची चोच विळ्यासारखी खाली वाकलेली असते. ती चिखलात खुपसून तो किडे काढतो. याच जातीची पाखरं हिवाळ्यात आपल्या कोकणच्या खाड्यांवरही उतरतात, मात्र ती दुसऱ्या थंड मुलखातून येतात. कर्ल्यूची लांब, आर्त शीळ ऐकली की आयर्लंडातल्या म्हाताऱ्या माणसांना आपलं लहानपण आठवतं. आता ती शीळ क्वचित ऐकू येते. दक्षिणेच्या राज्यात २०१५ ते २०१७ या काळात घरटी करणाऱ्या कर्ल्यूंची मोजणी झाली. साऱ्या देशात फक्त १३८ जोड्या भरल्या. तीस वर्षांपूर्वी शंभर जोड्या होत्या असं धरलं, तर त्यातल्या चारच उरल्या. दलदली सुकल्या, तिथं झाडांची लागवड झाली, कुरणं नांगरली गेली. मग पाखरानं अंडी घालावीत कुठं?

चुलीसाठी फावडं, कारखान्यासाठी यंत्र

आता लोकांची बाजू ऐका. ती ऐकल्याशिवाय न्याय होत नाही.

आयर्लंडात लाकूड थोडं, कोळसा त्याहून थोडा. गरीब कुटुंबाला जळण एकच, पीट. घराघराचा दलदलीत ठरलेला तुकडा असे. तिथून जळण काढायचा हक्क बापाकडून मुलाकडे येई. उन्हाळ्याच्या आरंभी सारं घर दलदलीत जाई. एकजण खास घडणीच्या अरुंद फावड्यानं विटेसारखे ओले तुकडे कापी. दुसरा ते झेली. बायका-मुलं ते तुकडे एकमेकांना टेकवून उभे करीत, म्हणजे वारं लागून वाळावेत. पावसाची झड आली तर पुन्हा मांडामांड. पावसाळ्याआधी आपण गोवऱ्यांचा हुडवा रचतो, तसं ते लोक दाराशी पीटची उडवी रचीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधून कोळसा येईना. तेव्हा डब्लिन शहरसुद्धा या जळणावर तगलं.

एका घराचं एक फावडं दलदलीला किती खाणार? दिवसभर राबून किती काढणार? खरी खोट आली ती यंत्रांपासून. १९४६ साली दक्षिणेच्या सरकारनं बोर्ड ना मोना हे मंडळ काढलं. मंडळानं मोठमोठ्या दलदलींत चर खणले, पाणी काढून दिलं, आणि यंत्रांनी पीट खरवडून वीजघरांना पुरवलं. खेड्यापाड्यांत त्यामुळं वीज आली, हजारो हातांना काम मिळालं. हेही खोटं नाही. पण हजारो वर्षांची ठेव एका माणसाच्या हयातीत संपत आली.

१९८० नंतर लहान यंत्रं निघाली, ती ट्रॅक्टरला लावता येत. कल्का डोंगरावरही ती पोचली. चर खणले गेले. वरची हिरवी साल निघाली. आणि मग डोंगराच्या पोटातून तक्रार आली.

डोंगराच्या पोटातली गुहा

कल्काच्या पायथ्याला चुनखडीचा दगड आहे. डोंगरावरून उतरणारे ओढे या दगडात गडप होतात आणि आतून वाट काढतात. त्यांनी आत मोठमोठ्या गुहा कोरल्या. त्यांना मार्बल आर्चच्या गुहा म्हणतात. १९८५ साली त्या लोकांना पाहायला खुल्या झाल्या. आत होडीतून फिरवतात.

पण गुहांत वरचेवर पूर येऊ लागले. वर पाऊस पडला की खाली लगेच लोंढा. असं का व्हावं?

कारण सोपं आहे. स्फॅग्नम शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरतं. पीटच्या वजनात दहातले नऊ भाग पाणीच असतं. जिवंत दलदल म्हणजे भिजलेलं पोतं. पाऊस पडला की त्यातलं बरंचसं पाणी ती थोपवते आणि सावकाश सोडते. दलदलीत चर खणले, वरची साल काढली, की पाणी थांबणार कशानं? ते चरांतून सुसाट खाली येतं. माळाची माती वाहून गेली की आपल्या ओढ्याला पूर येतो, आणि संक्रांतीला तोच ओढा कोरडा पडतो. तिथं तसंच झालं. रोग डोंगराच्या माथ्यावर, कळ गुहेत.

मग फर्मॅनाच्या परिषदेनं गुहा दुरुस्त करायच्या सोडून डोंगराकडे मोर्चा वळवला. पाखरांसाठी काम करणाऱ्या संस्था सोबत आल्या. डोंगरावर राखीव रान जाहीर झालं. मोठ्या यंत्रांनी पीट काढणं थांबलं. चरांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर बांध घातले. कुठं लाकडी फळ्यांचे, कुठं पीटच्याच ढेपांचे. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' असं आपण म्हणतो. त्यांनी तेच केलं. बांधामागं पाणी तुंबलं. तुंबलेल्या पाण्यात शेवाळ परत आलं. जिथं शेवाळ आलं तिथं दलदल पुन्हा जिती झाली.

२००८ साली आणखी एक चांगली गोष्ट झाली. फर्मॅनाचा डोंगर आणि कॅव्हनचा डोंगर मिळून एकच भू-उद्यान झालं. दोन देशांचं मिळून एक, असं भू-उद्यान जगात तोवर नव्हतं. ज्या हद्दीवर बंदुका होत्या, तिथं आता दोन्हीकडचे लोक एका दलदलीची काळजी वाहू लागले. २०१७ पासून काही वर्षं युरोपच्या पैशातून दोन्ही बाजूंनी मिळून चर बुजवायचं काम चाललं. पुढं २०२० साली ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडला. तरी डोंगर जागचा हलला नाही. ओढे तसेच वाहतात. शेजाऱ्याला शेजारी लागतोच.

अडचणी संपल्या असं मात्र नाही. रान जाळायची गोष्ट घ्या. मेंढ्यांना कोवळा चारा मिळावा म्हणून काही लोक रान पेटवतात. पाखरं अंड्यावर असताना रान पेटवायला दोन्हीकडे कायद्यानं बंदी आहे. पण दक्षिणेत ही बंदी १ मार्चला सुरू होते, आणि उत्तरेत १५ एप्रिलला. डोंगर एक, पाखरू एक, तारखा दोन! मधल्या सहा आठवड्यांत पाखराला कुणी सांगावं, की बाई, तू हद्दीच्या पलीकडं अंडी घाल?

आणि औषधाचाही कधी अपाय होतो. माणसांनी दलदल तुडवू नये म्हणून २०१५ साली कल्कावर लाकडी पायवाट आणि पायऱ्या बांधल्या. त्यांची चित्रं मोबाईलवर फिरली, आणि बघ्यांची जत्रा लोटली. पायवाट संपते तिथून लोक चिखल तुडवत माथ्याकडं निघाले. जपायला बांधलेली वाटच तुडवणाऱ्यांना घेऊन आली. नुसतं बांधून भागत नाही, राखणही करावी लागते.

मग न्याय कसा करावा?

दलदल जपायची याला आणखी एक मोठं कारण आहे. झाडं-झुडपं हवेतला कार्बन अंगात घेतात. दलदलीत ती कुजत नाहीत, म्हणून कार्बन तिथंच कोंडून राहतो. जगाच्या जमिनीपैकी फक्त तीन टक्के जमीन पीटची. पण जगातल्या साऱ्या जंगलांच्या झाडांत जेवढा कार्बन आहे, त्याहून जास्त या तीन टक्क्यांत आहे. दलदल सुकली किंवा जाळली, की तो हवेत जातो आणि पृथ्वीचा ताप वाढवतो. हा ताप एकट्या आयर्लंडाला भोगावा लागत नाही. तुम्हा-आम्हालाही त्याची झळ बसते.

म्हणून दक्षिणेच्या सरकारनं नियम कडक केले. २०११ च्या सुमारास ५३ मोलाच्या दलदलींत पीट कापणं बंद ठरलं. ज्यांचे हक्क गेले त्यांना वार्षिक भरपाई देऊ केली. तरीही लोक चिडले. काहींनी बंदी मोडून कापलं. त्यांचं म्हणणं होतं, "आमच्या आज्यानं इथं जळण काढलं. आम्ही चोर कसे?" २०२२ साली दुकानांतून आणि जाहिराती देऊन पीट विकायला बंदी झाली. मात्र ज्याचा परंपरेचा हक्क आहे, त्याला आपल्या घरापुरतं कापायची मोकळीक ठेवली. बोर्ड ना मोना मंडळानं २०२१ साली पीट काढणं कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं. पूर्वी चर खणणारे त्याचे कित्येक कामगार आता तेच चर बुजवतात.

आम्हाला विचाराल तर क्रम असाच असावा. आधी मोठ्या यंत्रानं थांबावं, मग म्हाताऱ्याच्या फावड्याकडं बोट दाखवावं. आणि फावडं खाली ठेवा म्हणताना त्याच्या चुलीची सोय करावी. चूल विझवून केलेली राखण टिकत नाही. पण फावड्यानंही आपला हिशोब विसरू नये. एक घाव म्हणजे साडेतीनशे वर्षं. हक्क बापाचा असेल, ठेव मात्र नातवाची आहे.

आपल्या गावचं काय?

आपल्याकडं अशी पीटची रानं नाहीत. पण पाणथळ जागा आहेत, झरे आहेत, तळी आहेत. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला एक पाणथळ होती. गुरं रुतायची, डास व्हायचे. आम्हीच गावकऱ्यांनी मिळून चर खणला आणि पाणी ओढ्यात काढून दिलं. दोन-तीन वर्षं तिथं पीक बरं आलं. मग मळ्यातल्या विहिरी फाल्गुनातच तळाला जाऊ लागल्या. बगळे यायचे थांबले. दोष कुणाला देणार? फावडं आमच्याच हातात होतं. चर खणायला आठ दिवस लागले होते. बुजवायचं ठरवायला आम्हाला वीस वर्षं लागली.

याउलट दोडामार्ग तालुक्यातलं बांबर्डे पाहा. तेही हद्दीवरचंच गाव, पलीकडं गोवा. तिथं रानटी जायफळाच्या झाडांची दलदल आहे. झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. गावकऱ्यांनी ती देवाची राई म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखली. २०२१ साली राज्य सरकारनं तिला वारसास्थळाचा मान दिला. सरकारचा कागद शेवटी आला. गावची राखण आधीपासून होती.

तेव्हा गावातली ओली जागा दिसली, की ती वाया गेली असं म्हणू नका. आधी विचारा, ही कुणाचं पाणी धरून आहे?

कठीण शब्द

पीट – पाण्याखाली न कुजता साचलेलं गवत-शेवाळ.
पाणथळ – जिथं पाणी साचून जमीन ओली राहते ती जागा.
हद्द – सीमा, शीव.
भरपाई – नुकसानीबद्दल दिलेले पैसे.
ठेव – जपून ठेवलेली संपत्ती.

उत्तरं सांगा

१. दलदलीतलं शेवाळ का कुजत नाही? लोणच्याचा दाखला देऊन सांगा.
२. डोंगरावर चर खणले, तर गुहेत पूर का आला?
३. रान जाळण्याच्या दोन तारखांमुळं पाखरांची कोणती अडचण होते?
४. पीट कापणाऱ्या म्हाताऱ्याची बाजू तुमच्या शब्दांत मांडा. मग कर्ल्यू पाखराची बाजू मांडा. वर्गात दोघांचा न्याय करा.
५. तुमच्या गावात पूर्वी कोणती पाणथळ जागा होती? घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि चार ओळी स्वतः लिहा.